एसव्हीएनवरून गिटवर जाताना जुनी हिस्ट्री तुटतेय, मदत हवी आहे

मंडळी, आमचा बिलिंगचा जुना प्रोजेक्ट एसव्हीएनवर (सबव्हर्जन, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी जुनी सिस्टीम) आहे, तो गिटवर (त्याच कामाची नवी सिस्टीम) न्यायचाय आणि हिस्ट्री सगळी हवीय, नुसता शेवटचा कोड टाकून चालणार नाही कारण टॅक्सचं राउंडिंग असं का केलंय हे फक्त जुन्या कमिट मेसेजमध्येच (प्रत्येक बदल नोंदवताना लिहिलेली टीप) सापडतं, ती लिहिणारी माणसं कधीच सोडून गेलीत.

गिट-एसव्हीएन क्लोन (एसव्हीएनची हिस्ट्री गिटमध्ये आणणारी कमांड) स्टँडर्ड लेआउट (मुख्य कोड ट्रंकमध्ये, बाजूला ब्रँच आणि टॅगचे फोल्डर) देऊन चालवलं, ऑथर्स फाइल (एसव्हीएनची युजरनेम आणि खरी नावं-ईमेल यांची यादी) दिलीय त्यामुळे नावं-ईमेल नीट येतायत. अडचण अशी की सुरुवातीची काही वर्षं कोड थेट रूटमध्येच होता, नंतर कोणीतरी ट्रंक फोल्डर नवीन बनवून फाइली एकेक करून आत हलवल्या. त्यामुळे हिस्ट्री तिथूनच सुरू होते, ब्लेम (कुठली ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) केलं की अर्ध्या ओळी त्या एकाच हलवाहलवीच्या कमिटवर दिसतात. रूट आणि ट्रंक वेगवेगळे क्लोन करून गिट रिप्लेस ग्राफ्टने (एका कमिटला दुसरा पालक कमिट लावून देणारी कमांड) जोडायचे आणि मग फिल्टर-रेपोने (हिस्ट्री नव्याने लिहिणारं टूल) पक्कं करायचं असं डोक्यात आहे, कोणी केलंय का असं? की सरळ रिपोसर्जन (हिस्ट्रीची मोठी दुरुस्ती करणारं टूल) शिकावं? जीसीसी कंपायलरवाल्यांनी 2020 मध्ये त्यानेच एसव्हीएन सोडलं, पण आमच्यासाठी ते फार होईल असं वाटतं.

अजून एक, टॅग (ठरावीक आवृत्तीला दिलेली नावं) सगळे रिमोट ब्रँच म्हणून आलेत, ते खऱ्या टॅगमध्ये बदलता येतील, पण काही टॅगवर नंतरही कमिट झालेत, त्यांचं काय करता तुम्ही? एक्स्टर्नल्सचे (एसव्हीएनमध्ये दुसरीकडून जोडलेला कोड) सबमॉड्यूल (गिटमध्ये आत जोडलेली दुसरी रेपो) करावेत का? प्लीज अनुभव असेल तर सविस्तर सांगा.