शब्दचर्चा : 'स्पोर्टिंग रायफल' आणि लष्करी ढबीची .22, मराठीत काय लिहायचं?

माळावरचा :
मंडळी, शब्द अडलाय. एका इंग्रजी लेखाचं मराठी करायला घेतलंय, विषय असा की जुन्या धाटणीची लाकडी दस्त्याची 'स्पोर्टिंग रायफल' बरी की आजकालची ती काळी, सैनिकाच्या हातात असते तशी दिसणारी .22 ची रिमफायर रायफल बरी. 'स्पोर्टिंग'ला कोशात 'क्रीडा' मिळतं, पण 'क्रीडा बंदूक' लिहिलं की मला गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायला देतात तीच डोळ्यासमोर येते. दुसऱ्या जातीला पेपरवाले सरसकट 'लष्करी रायफल' नायतर 'असॉल्ट रायफल' लिहितात. आणि रिमफायरला तर काहीच सापडेना. सोलापुरात कुणी हाताळलंय का हे, एनसीसीत वगैरे? नुसता कोशातला अर्थ नको, बोलताना काय म्हणतात ते सांगा.

पार्कचौक :
चांगला विषय काढलात, मला यावर बरंच बोलायचंय. आधी 'स्पोर्टिंग' घेऊ. जुन्या साहेबाच्या इंग्रजीत स्पोर्ट म्हणजे शिकार. त्यामुळं स्पोर्टिंग रायफल म्हणजे सरळ सरळ शिकारी रायफल, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हातानं मागंपुढं करायचा बोल्ट म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, चार-पाच काडतुसांचं मॅगझिन, खांद्याला लटकवून दिवसभर चालता येईल एवढं वजन. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, 1979 ला सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्याचं अभयारण्य झालं, ज्या माळावर एकेकाळी काळवीट मारायला जीपा फिरायच्या तिथं आता दुर्बिणी घेऊन लोक जातात, आणि ते शंभर टक्के बरंच झालं. पण त्याबरोबर स्पोर्ट या शब्दाचा शिकारीचा अर्थही आपल्या कानातून गेला आणि उरला फक्त खेळ. म्हणून तुम्हाला 'क्रीडा' खटकतंय, ते बरोबरच खटकतंय.

खेळाची रायफल ही वेगळीच वस्तू आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं ना, ती खेळाची रायफल. तीपण .22 रिमफायरच, पण एकेक काडतूस हातानं भरायचं, गालाची पट्टी, खांद्याचा आकडा सगळं स्क्रूनं वरखाली होणारं, आणि 50 मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलीमीटरचं. ती घेऊन कुणी रानात जात नाही आणि शिकारी रायफल घेऊन कुणी ऑलिंपिकला जात नाही. तर 'क्रीडा रायफल' किंवा 'नेमबाजीची रायफल' हे शब्द तिच्यासाठी राखून ठेवा आणि तुमच्या लेखातल्या पहिल्या जातीला बिनधास्त 'शिकारी रायफल' लिहा.

अक्कलकोटरोड :
शिकारी ठीकय, पण रायफल कशाला, सरळ बंदूक लिहा की. आपल्या आजोबांनी कधी रायफल म्हटलं होतं का, सगळं बंदूकच.

पार्कचौक :
दादा, बोलताना बंदूक म्हणा, कोण अडवतंय. लिहिताना मात्र फरक ठेवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पेचदार खाचा पाडलेल्या असतात, त्यातून गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते म्हणून सरळ जाते. बारा बोअर म्हणजे छर्र्याची बंदूक, तिची नळी आतून गुळगुळीत. परवान्याच्या कागदावरसुद्धा हा फरक असतोच, गुळगुळीत नळीवालीला एसबीबीएल, डीबीबीएल गन म्हणजे एकनळी, दुनळी बंदूक म्हणतात आणि रायफल वेगळी लिहितात. परवाना काढलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो 'माझ्याकडं बारा बोअर आहे' असंच सांगेल.

आणि बोअरवरून आठवलं, '.22' ला 'बावीस बोअर' असं लिहू नका. बारा बोअरमधला बारा हा इंचाचा हिशोबच नाही, त्या नळीत बसेल असे शिशाचे गोल गोळे एका पौंडात बारा होतात, तो बारा. .22 मात्र इंचाचा भाग, साधारण साडेपाच मिलीमीटर. आधीचं टिंब गेलं की सगळंच गेलं. बोलताना एनसीसीवाले म्हणतात तसं 'पॉइंट टू टू'.

जुनी कॅडेट :
होय की, आम्ही पॉइंट टू टू रायफलच म्हणायचो, 25 यार्डावर पडून फायरिंग. आवाज फार नाही, धक्का तर जवळजवळ नाहीच, म्हणून तर नवख्या पोरापोरींना तीच देतात.

रिमफायरबद्दल मी सांगते, कारण रेंजवर पुंगळ्या वेचायचं काम आमच्याकडंच असायचं, मोजून परत द्याव्या लागायच्या. .22 ची रिकामी पुंगळी उलटी करून बघा, बूड एकदम सपाट, आणि कडेला एक छोटी खाच पडलेली दिसते. तिथं पिन आपटलेली असते. त्या पातळ पितळी कडेच्या आत पेट घेणारा मसाला फिरवून बसवलेला असतो, कड चेपली की तो भडकतो आणि दारू पेटते. आता बारा बोअरची नायतर मोठ्या रायफलीची पुंगळी उलटी करा, बुडाच्या मधोमध वेगळी टिकली बसवलेली दिसेल आणि टिकलीत खळगा. ते सेंटरफायर. ती टिकली काढून दुसरी बसवता येते, पुंगळी पुन्हा भरता येते. रिमफायरची कड एकदा चेपली की ती पुंगळी संपली.

शब्द करायचाच असेल तर 'कडपेटी काडतूस' आणि 'मध्यपेटी काडतूस' असं काहीतरी होईल, पण खरं सांगू का, रिमफायर हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं एका वाक्यात समजावून सांगा. बळंच केलेला शब्द वाचकाला दोनदा अडवतो. आणि 'पुंगळी' मात्र जरूर वापरा, 'काडतुसाचं रिकामं आवरण' असलं काही लिहू नका, पुंगळी हा पेपरातला, पोलिसांच्या पंचनाम्यातला, सगळ्यांच्या तोंडातला शब्द आहे.

माळावरचा :
ताई, हे पुंगळीचं फार कामाचं सांगितलंत. मग दुसऱ्या जातीचं काय? लेखात तिला मिलिटरी स्टाइल म्हटलंय. 'लष्करी रिमफायर रायफल' चालेल?

पार्कचौक :
नाही चालणार, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगतो कारण या एका शब्दावर अख्ख्या लेखाचा अर्थ फिरतो.

सैन्याची 5.56 मिलीमीटरची रायफल घ्या, आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीत चालतं ते काडतूस. गोळीचा व्यास .22 च्या गोळीएवढाच, बघायला गेलं तर केसाचा फरक. पण .22 लाँग रायफल या नेहमीच्या .22 काडतुसाची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि सेकंदाला साधारण 330 ते 380 मीटरनं सुटते. 5.56 ची गोळी साडेतीन-चार ग्रॅमची आणि सेकंदाला 900 मीटरच्या वर. जोर काढला तर .22 ला दीडशे-पावणेदोनशे ज्यूल आणि तिला सतराशेच्या घरात, म्हणजे दहापट. कारण तेच, ताईंनी सांगितलेली ती पातळ कड. पिन आपटल्यावर चेपायची म्हणजे पितळ पातळच ठेवावं लागतं, आणि पातळ पितळात जास्त दाब कोंडता येत नाही. .22 लाँग रायफल काडतूस 1887 चं आहे, आजवर ते मूळ घडणीत तसंच राहिलंय, त्याचं कारणही हेच.

आता ती काळी रायफल. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीची एम अँड पी 15-22 घ्या, 2009 ला आली. वरून एआर-15 या सैन्याच्या धाटणीच्या रायफलीची हुबेहूब ढब, पिस्तुलासारखी मूठ, मागंपुढं सरकणारा दस्ता, वर दुर्बीण बसवायची पट्टी, 25 काडतुसांचं मॅगझिन. पण आतून सैन्याच्या रायफलीचं यंत्र नाहीच. एआरमध्ये नळीला छिद्र असतं, तिथून गॅस मागं आणून बोल्ट उघडतात. 15-22 मध्ये असलं काही नाही, पुंगळीच मागं ढकलली जाते आणि ती बोल्टाला ढकलते, बास. बॉडीसुद्धा पॉलिमरची, कारण दाब एवढाच. चाप एकदा दाबला की एकच गोळी.

हीच गोष्ट रुगर कंपनीची 10/22 ही रायफल करते, 1964 पासून, दहा काडतुसांच्या गोल फिरणाऱ्या मॅगझिनवर, आणि ती लाकडी दस्त्याची, बघितली तर कुणीही शिकारी रायफलच म्हणेल. दोघी आतून सख्ख्या बहिणी. आणखी पुढं जा, 10/22 चा दस्ता एका स्क्रूवर आणि पुढच्या एका पट्टीवर बसलेला असतो, तो स्क्रू काढा, पट्टी सैल करा, लाकूड काढून काळा पॉलिमरचा दस्ता चढवा, तीच नळी तेच काडतूस तोच चाप, आणि रायफल 'लष्करी' झाली. स्क्रू फिरवून जे बदलतं ते नावात मुख्य म्हणून कसं बसवायचं?

अक्कलकोटरोड :
पण लोकांना दिसतं ते दिसतं ना भाऊ. रस्त्यात कुणी तसली घेऊन उभा राहिला तर मी काय पुंगळी उलटी करून बघणारे का? लोक घाबरणार, पोलीस पळत येणार. मग लष्करी म्हटलं तर चुकलं कुठं?

पार्कचौक :
तुमचा मुद्दा खराय आणि म्हणूनच ढब नावातून काढून टाका असं मी म्हणत नाही. 'लष्करी ढबीची रिमफायर रायफल' लिहा. ढबीची हा शब्द दिसण्याचं काम करतो, रिमफायर हा आतलं सांगतो, दोन्ही जागेवर. नुसतं 'लष्करी' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं सैन्य हीच वापरतं. 'असॉल्ट रायफल' तर मुळीच नको, त्यात चाप दाबून धरला की एकामागून एक गोळ्या सुटायची सोय असावी लागते, आणि पिस्तूल व मोठी रायफल यांच्या मधल्या ताकदीचं काडतूस. एआरमधला ए हा असॉल्टचा नाही, आर्मालाइट या कंपनीच्या नावाचा.

आणि उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. जोर दहावा हिस्सा आहे म्हणून 'खेळण्यातली', 'हलकीफुलकी' असलं विशेषण कृपा करून लावू नका. .22 नं माणूस मरतो. वर धरून झाडली तर गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून सुटलेली कुठं जाऊन पडेल याचा विचार करा. शब्दामुळं वाचक एका बाजूला बिचकतो आणि दुसऱ्या बाजूला गाफील राहतो, मला दोन्हीची काळजी वाटते.

आपल्या भाषेची जुनी रीत बघा ना. तोड्याची बंदूक, कारण जळता तोडा लावून बार काढायचा. ठासणीची, कारण दारू नळीच्या तोंडातून ठासायची. दुनळी. छर्र्याची. एकही नाव ती कुणासारखी दिसते यावरून नाही, सगळी चालते कशी यावरून. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघायला जाल तेव्हा या नजरेनं बघा, जुन्या लोकांनी नावं किती नेमकी ठेवली होती ते कळतं.

जुनी कॅडेट :
यात एक भर घालते, लष्करी ढबीची रिमफायर ही काही आत्ताची गोष्ट नाही. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर ली एनफिल्ड या त्यांच्या लष्करी रायफलीच्याच अंगात .22 ची नळी बसवून सरावाच्या रायफली केल्या होत्या, वजन तेच, बोल्ट तोच, काडतूस मात्र स्वस्तातलं आणि रेंज छोटी असली तरी चालणारं. म्हणजे त्या तर लष्कराच्या मालकीच्याही होत्या आणि रिमफायरही होत्या. त्यांना 'लष्करी सरावाची रायफल' म्हणावं, आणि आजच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्यांना 'लष्करी ढबीची'. लेखात दोन्ही आल्या तर गोंधळ नको.

माळावरचा :
हे लिहून घेतो. अजून एक, लेखात लिहिलंय की या 'सेमी-ऑटोमॅटिक' आहेत. मी 'स्वयंचलित' लिहू का? आणि अमेरिकेत यांना 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' म्हणतात असंही एक वाक्य आहे, तिथं परत स्पोर्टिंग आलं.

पार्कचौक :
'अर्धस्वयंचलित' लिहा, 'अर्ध' गाळू नका. स्वयंचलित म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. अर्धस्वयंचलित म्हणजे पुंगळी आपोआप बाहेर पडते, पुढचं काडतूस आपोआप चढतं, पण प्रत्येक गोळीला चाप नव्यानं दाबायचा. आपल्या देशात अर्धस्वयंचलित रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही, मग ती लाकडी असो की काळी, त्यामुळं मराठी वाचकानं ही वस्तू हातात घेतलेली असायची शक्यता कमीच. म्हणून तर शब्द जास्त नेमका हवा, त्याला पडताळून बघायची सोय नाही.

'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे तिथल्या बंदूक धंद्याच्या संघटनेनं 2009 च्या सुमारास चालवलेलं नाव आहे, एआर ढबीच्या रायफलींना असॉल्ट म्हणू नये म्हणून. ते भाषांतर करू नका, अवतरणात तसंच ठेवा आणि हे नाव कुणी कशासाठी दिलं ते अर्ध्या ओळीत सांगा. तिथं 'आधुनिक शिकारी रायफल' लिहिलंत तर त्यांच्या जाहिरातीचं काम तुम्ही फुकटात केल्यासारखं होईल.

अक्कलकोटरोड :
मग उलटं असेल तर? सैन्याचीच जुनी रायफल घेऊन तिचं लाकूड तासून, नळी आखूड करून शिकारीला वापरायचे ते. माझ्या चुलत आजोबांकडं तसला फोटो आहे.

पार्कचौक :
त्याला इंग्रजीत स्पोर्टराइझ्ड म्हणतात, दोन्ही महायुद्धांनंतर एनफिल्ड आणि माउझर ढिगानं अशा बदलल्या गेल्या. मराठीत 'शिकारीसाठी बदललेली लष्करी रायफल'. इथं 'लष्करी' बरोबर बसतं, कारण नळीत चालतं ते काडतूस सैन्याचंच. सैन्याचं जुनं .303 काडतूस तर आपल्याकडं सामान्य माणसाला बंदच, म्हणून बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात .315 ची शिकारी रायफल करतात, जिच्यात सैन्याचं काडतूस बसत नाही. फोटोत नळीच्या खालचं लाकूड कुठपर्यंत आहे ते बघा, अर्ध्यातच संपत असेल तर तासलेली असणार, आणि मॅगझिन जवळून दिसत असेल तर इथं टाका, .303 की .315 ते बघू.