अनुभव धागा: आपण विसरलो, देव नाही विसरला

काल पुण्यात गिरणीवर एक बाई दळणवाल्याला दटावत होती, "आधी गिरणी पुसून घ्या, कानबाईच्या रोटाचे गहू आहेत." मला एकदम अमळनेरकडचं आमचं घर आठवलं. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, आणि रोट म्हणजे तिच्यासाठी दळलेल्या गव्हाचा नैवेद्य.

बांधावरून चुलतभावांशी भांडण झालं आणि मी गाव सोडलं. नऊ वर्षं फिरकलो नाही, देवधर्मही सुटला. मग एकदा सातबाऱ्यासाठी जावं लागलं, तर नेमका नागपंचमीनंतरचा आठवडा. मोठी माय सूप घेऊन बसलेली. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायची आणि सव्वा मूठ गहू टाकायची. सव्वातलं पाव म्हणजे तीन बोटांची चिमूट. माझं नाव घेतलं तेव्हा मी दारातच होतो, तिला दिसलोही नव्हतो.

"दरसाल टाकस ना रे," म्हणाली. "तू ईसरना, ती कशी ईसरी?"

रोट भाऊबंदकीनेच संपवायचा असतो. म्हणजे नऊ वर्षं माझ्या वाटणीचा रोट ज्यांच्याशी भांडलो तेच खात होते!

तुमचेही अनुभव लिहा.

धुळेकर_भो: वाचून गलबललं. आमच्याकडे गंगाफळाची भाजी आणि खीर असते सोबत. तुमच्याकडे कढी करतात का?

माहेरवाशीण: छान लिहिलंय, पण आम्हा पोरींच्या नावाची मूठच नसते, त्याचं काय? लग्न झालं की रोटही नाही. आई चोरून पुरणपोळी द्यायची ती वेगळी. देवीच बाई असून हा हिशेब कोणी ठरवला? (चिडले नाहीये. थोडी चिडलेय.)

धुळेकर_भो: ताई, मुद्दा बरोबर आहे. यंदा आमच्या घरी विषय काढतो, मार खाल्ला तर कळवतो 😄

सुरतवाला: नोकरी लागली तर पायी वणीला येईन असं सप्तशृंगीला बोललो होतो. नोकरी लागली, मी विसरलो. अकरा वर्षांनी गेलो तोवर गुडघे गेलेले, ट्रॉलीनेच वर गेलो. वर जाऊन रडलो. नवस अजून बाकीच आहे, पण नोकरीही अजून आहे.

नवापूरची: आम्ही ख्रिस्ती. तुमच्या मोठ्या मायवरून होशेय संदेष्टा आठवला. बायको सोडून गेली, तरी देवाने सांगितलं, जा, तिच्यावर पुन्हा प्रेम कर. त्याने पंधरा शेकेल रुपे आणि वर जव मोजून तिला परत आणलं. इस्राएल दुसऱ्या देवांमागे गेलं तरी देव त्यांना असाच धरून राहिला, असा त्याचा अर्थ. लहानपणी मला फक्त जवाचंच नवल वाटायचं, एवढं धान्य घरी कसं नेलं असेल त्याने! बाकी नंतर लिहिते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

सुरतवाला: त्याने मोजून दिलं, इथे मोठी माय मोजून ठेवते. भारी.

माहेरवाशीण: बांधाचं पुढे काय झालं ते नाही लिहिलंत?

धागाकर्ता: बांध अजून तिथेच आहे. मोजणीवाला दोनदा येऊन गेला. पण या रविवारी कानबाईला जातोय, आणि हो, कढी असते.