मदत हवी आहे: रोजच्या वापराच्या गाडीचं सस्पेन्शन आरामदायी करायचंय, नेमकं काय बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता १,१४,००० किलोमीटर झालेत. रोजचं जाणं-येणं कळंबा ते शिरोली एमआयडीसी आणि महिन्यातून एक-दोनदा आईला घेऊन तिच्या माहेरी, साळवणला. इंजिन, मायलेज, एसी, कशाबद्दलच तक्रार नाही. तक्रार आहे ती बुडाखालची.

आईच्या मणक्यात गॅप आहे. कंबरेला पट्टा, सीटवर चौघडी केलेली गोधडी आणि डाव्या हातात खिडकीवरचं हँडल, असा तिचा प्रवास. स्पीडब्रेकर माझ्याआधी तिलाच दिसतो. "आला बग, हळू." मी पहिल्या गिअरवर आणून चढवते, तरी उतरताना मागून 'धाड' होतंच आणि ती डोळे मिटून घेते. परवा येताना कळे गावाच्या पुढं तिनं सरळ सांगितलं, "पुढच्या खेपेला मी एसटीनं जाते." म्हणजे माझी गाडी लाल डब्यापेक्षा वाईट ठरली!

(रस्त्यांना शिव्या घालायच्या तर वेगळा धागा काढावा लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगानं ओलांडता यावा असा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तो घमेलं पालथं घातल्यासारखा.)

आणखी एक. हळू चालवताना बारीक खड्ड्यांवर पुढून कटकट येते, रिकाम्या डब्यात सुपारी हलवावी तशी. हायवेला ८० च्या वेगात मात्र काही जाणवत नाही.

तीन ठिकाणी दाखवली, तीन मतं मिळाली. एक म्हणाले, कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला, उंची कमीजास्त करता येणारा संच) टाका, गाडी लोण्यासारखी चालेल, ४६ हजार. दुसरे म्हणाले चारही शॉकअप बदला. तिसऱ्यांनी खाली वाकूनसुद्धा न बघता पुढच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालू म्हणून सांगितलं. मागच्या स्प्रिंगमध्ये आधीच्या मालकानं घातलेले आहेतच. १६ इंची अलॉय व्हीलही त्याचेच, दिसायला देखणे आहेत हे कबूल.

वडील उद्यमनगरात टर्नर होते. न मोजता कापायचं नाही हे घरातच शिकलेय, म्हणून विचारते. पैसे घालायची तयारी आहे, पण कशावर घालू?

प्रतिसाद १

ताई, ते ४६ हजारांचं कोटेशन आधी ड्रॉवरमध्ये टाका. कॉइलओव्हर बसवतात ते गाडी खाली घ्यायला आणि वळणावर ती झुकू नये म्हणून. त्यांच्या स्प्रिंगा बहुतेक वेळा मूळपेक्षा कडकच असतात. आयबाखच्या स्प्रिंगा, बिल्स्टाइनचे बी६ शॉकअप, नाव मोठं आणि माल चोख, पण तो सगळा घट्ट हाताळणीचा शौक. बिल्स्टाइनचेच बी४ हे मूळ शॉकअपच्या जागी बसवायचे असतात, तो प्रकार वेगळा. तुमच्या कामाला कंपनीच्या मापाचा साधा नवा शॉकअप बास. टायरच्या कडेवर काय आकडा लिहिलाय तेवढा वाचून सांगा.

धागाकर्ती

१९५/५५ आर १६.

प्रतिसाद २

घावला चोर! व्हीडीआयला कंपनीकडून १६५/८० आर १४ येतो. आता हिशेब करा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, ही टायरच्या कडेची उंची. तुमच्या आत्ताच्या टायरची १९५ चे ५५ टक्के, म्हणजे १०७. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला, पण रिम आणि रस्त्याच्या मधला पंचवीस मिलिमीटरचा हवेचा गादीवाफा गेला. खड्ड्याचा पहिला दणका टायर खातो, शॉकअपचा नंबर नंतर. शिवाय अलॉय सहसा रुंद, त्यामुळं चाक जडही होतं. सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्याप्रमाणे. पंपावरची पोरं सगळ्यांना एकाच मापात फुगवतात.

प्रतिसाद ३

माझ्या गाडीत बफर आहेत आणि मला लई आवडतात. पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या, तरी मागं बसत नाही. सरसकट नावं ठेवू नका राव.

प्रतिसाद ४

भावा, तुझी गाडी भरलेली असते म्हणून तुला चालतं. बफरनं स्प्रिंगचे वेढे अडतात, म्हणजे चालणारी स्प्रिंग तेवढी आखूड आणि कडक. मागं कुणी नसताना ती दबायलाच तयार होत नाही.

ताईंना सांगतो. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, शॉकअप तिचं हेलकावणं थांबवतो. शॉकअप गेला की गाडी ब्रेकरनंतर दोन-तीनदा नाचते. तुमची नाचत नाही, आपटते आणि वाजते. कटकट म्हणजे बहुतेक लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) नाहीतर स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअपच्या डोक्यावरची रबरी बैठक). मागची धाड म्हणजे बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर दणका झेलणारा ठोकळा) बघा. शॉकअप बदललेच तर एका ॲक्सलचे दोन्ही एकदम, एकटा कधीच नाही.

आणि एक गोष्ट मिस्त्रीसमोर उभं राहून करून घ्या. लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलले तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लिफ्टवर लटकत्या अवस्थेत आवळले की गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. घाईत निम्म्या ठिकाणी असंच करतात. काम झाल्यावर अलाइनमेंट.

धागाकर्ती

शनिवारी वडिलांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी लावली आणि दिवसभर तिथंच बसले.

हवा स्टिकरपेक्षा ८ पीएसआय जास्त निघाली. पुढच्या डाव्या स्ट्रटच्या डोक्यावर त्यांनी माझा हात ठेवायला लावला आणि पोराला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. हाताखाली टुणकन उडी जाणवली, तीच रोजची कटकट. माउंट बाहेर काढल्यावर रबराला चीर, त्यात माझं नख जात होतं. मागचा बम्प स्टॉप बोटांनी दाबला तर चुरा झाला. मागचा उजवा शॉकअप तेलानं माखलेला, म्हणून मागची जोडी नवी घातली. पुढचे कोरडे होते, ते तसेच ठेवले. बफर काढून टाकले. लोअर आर्मचे बुशही बदलले आणि बोल्ट गाडी खाली उतरवूनच आवळून घेतले. मिस्त्री हसले, म्हणाले, "कुणी शिकवलं?" सगळं मिळून त्या कोटेशनच्या निम्म्याच्याही आत.

काल आईला घेऊन साळवणला जाऊन आले. कटकट गेली, धाड गेली. बारीक खड्ड्यांवरचा टणकपणा थोडा उरलाय, तो टायरचाच, हे आता मलाही कळतंय. आईचं मत: "बरी हाय. पण एसटीएवढी न्हाई."

तेव्हा कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं कुणाकडं स्विफ्टची १४ इंची स्टील चाकं पडून असतील तर मेसेज करा. वाकलेली नकोत. चारही अलॉय बदल्यात देते, हवं तर येऊन बघून जा.