चिमण्यांनी पेटी गवताने गच्च भरली, कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही

सज्जा:
लाकडी पेटी, तळ १५ बाय १५ सें.मी., उंची २५, भोक ३२ मि.मी. झाकणाला आतून आयपी कॅमेरा (नेटवर्कवरून चित्र पाठवणारा), लेन्स सरळ खाली. चिमण्यांची जोडी आली आणि पाहता पाहता गवत, सुतळी, कोंबडीची पिसं झाकणापर्यंत कोंबली. आता स्क्रीनवर नुसत्या काड्या. मादी बराच वेळ आतच असते, म्हणजे अंडी असावीत. वरचा थर अलगद काढला तर चालेल का? शिवाय रात्री चित्र पांढरंफटक होतं, आणि यूट्यूबवर लाइव्ह सुरूच होत नाही.

भोरडी:
अजिबात हात लावू नका. चिमणी उघडी वाटी बांधून थांबत नाही, पेटीतही डोक्यावर छप्पर घालते. तुम्ही ज्याला वरचा थर म्हणताय तेच ते छप्पर. ऐन उबवणीत उचकटलंत तर मादी घरटं टाकून जाऊ शकते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटं विचलित करणं 'शिकार' या व्याख्येत येतं. पेटी तुमची असली तरी घरटं त्यांचं.

आत काय चाललंय ते बाहेरूनही कळतं. उबवणी ११ ते १४ दिवस. नर-मादी दोघंही चोचीत अळ्या घेऊन यायला लागले की अंडी फुटली समजा. चोचीत पांढरी गोळी धरून बाहेर जाताना दिसले तर ती पिल्लांची शी. अंडी फुटल्यापासून १४ ते १६ दिवसांत पिल्लं उडतात. कॅमेऱ्याला माइक असेल तर तो चालू ठेवा, चित्र नसलं तरी किलबिल ऐकू येईल.

पिल्लं उडाली की लगेच साफसफाईला धावू नका, तीच जोडी तिथेच पुन्हा अंडी घालते. नवी पेटी दोन-तीन फुटांवर टांगा. चिमण्यांना शेजार चालतो.

सुतारपक्षी:
नव्या पेटीत कॅमेरा वर नको. भोक आहे त्याच भिंतीला, भोकाच्या वर, मागच्या कोपऱ्याकडे तिरपा बघणारा लावा. अंड्यांची वाटी बहुधा भोकापासून लांब, मागे असते आणि ये-जा करायला भोकाकडची वाट चिमणी स्वतःच मोकळी ठेवते. तरी एखादी काडी आडवी येणारच, चिमणीच्या बाबतीत हमी कोणी देऊ नये. वरूनच बघायची हौस असेल तर दयाळासाठी पेटी करा. तो उघडी वाटी बांधतो, भोक मात्र साधारण ५ सें.मी. लागतं.

फोकस: हे कॅमेरे कारखान्यातून लांबच्या वस्तूवर लावून येतात, १५ सें.मी.वर सगळं धूसर. लेन्सवरचा गोंद खरवडून लेन्स हळूहळू बाहेरच्या दिशेला फिरवा. समोर तेवढ्याच अंतरावर वर्तमानपत्राचा कपटा ठेवा, बारीक अक्षर वाचता आलं की थांबा. हे टेबलावरच उरकायचं.

रात्रीचा पांढरा पडदा इन्फ्रारेड दिव्यांमुळे. ते २०-३० मीटरसाठी असतात, तुमची भिंत वितीवर. एक-दोन दिवे सोडून बाकीच्यांवर काळी टेप लावा, प्रकाश मोजणारा सेन्सर उघडा राहू द्या. पेटीत दिवसाही अंधुकच असतं, म्हणून कॅमेरा सारखा दिवस-रात्र बदलत बसतो आणि दर वेळी आतला फिल्टर टक्‌ करून वाजतो. मोड कायमचा रात्रीवर ठेवा. चित्र काळंपांढरं दिसेल, पण टकटक बंद.

तारवाला:
लाइव्हचं सांगतो. पहिल्यांदा सुरू करत असाल तर यूट्यूब परवानगीला २४ तासांपर्यंत घेतं. ते झालं असेल तर तीन गोष्टी तपासा. कॅमेरा एच.२६५ वर असेल तर एच.२६४ करा (या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती, सेटिंगमध्ये सापडतील). सेकंदाला १५ फ्रेम असतील तर आय-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) अंतर ३० ठेवा, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक. आणि आवाज. माइक नसलेल्या कॅमेऱ्याचा नुसता व्हिडिओ पाठवला की प्रवाह बहुतेक वेळा इथेच अडकतो. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून मुका ऑडिओ जोडा, व्हिडिओ मात्र 'कॉपी'वर ठेवा, म्हणजे तो आहे तसाच पुढे जातो. मग जुना लॅपटॉपही पुरतो.

डेटाचा हिशोब आधी करा: २ एमबीपीएस म्हणजे तासाला ०.९ जीबी, दिवसाला २१-२२. मोबाइलच्या रोजच्या पॅकात बसत नाही. १२ तासांपेक्षा लांब प्रवाह यूट्यूब साठवत नाही, रेकॉर्डिंग हवं तर त्याआधी तोडून नवा सुरू करा.

वायफायपेक्षा पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) बरं, वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलमधून, १०० मीटरपर्यंत. पेटीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पावसाचं पाणी तिथून गळून जाईल. मुंग्या याच केबलवरून चढतात. पेटीपासून हातभर अलीकडे ग्रीसचा पट्टा द्या, पक्ष्यांच्या पंखांना लागेल इतका जवळ नको.

सज्जा:
आभार. पेटीला दुपारी ऊन लागतं. आणि पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर?

भोरडी:
नवी पेटी उत्तरेला किंवा पूर्वेला, वळचणीखाली. कॅमेराही तापतो, म्हणून छताखाली दोन्ही बाजूंना ६ मि.मी.ची चार-चार भोकं पाडा.

पिसं न फुटलेलं पिल्लू उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर फक्त मांजराला आवरा, आई-बाप खाली येऊन भरवतात. मात्र पिल्लावर चोचीच्या जखमा असतील किंवा अंडी बाहेर फेकलेली दिसली, तर पेटीवर दुसऱ्या नराने कब्जा केला असेल. चिमण्यांमध्ये हे होतं, त्यात पडू नका. लाइव्हच्या वर्णनात तेवढं आधीच लिहून ठेवा, नाहीतर बघणारे 'काहीतरी करा' म्हणून तुमच्या मागे लागतील.