कुंडातलं शेवाळ: मोरचूद ओतायचं की त्याचं खाणं तोडायचं?

दांडियाबाजारकर
आमच्या बडोद्याच्या सोसायटीत कमळांचं सिमेंटचं कुंड आहे. २० फूट लांब, १५ रुंद, ४ फूट पाणी. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि पाणी इतकं हिरवं झालं की हात बुडवला तर बोटं दिसेनात. कमिटीतल्या एकांनी अर्धा किलो मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट; इथले दुकानदार मोरथूथू म्हणतात तेच) आणून एकदम ओतलं. दोन दिवसांत शेवाळ तपकिरी पडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडून धापा टाकत होते, आठच्या सुमारास सगळे उलटे झाले. माझ्या नातीने एकेकाला नाव दिलं होतं. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

तीन आठवड्यांत पाणी पुन्हा हिरवं झालं आहे आणि आता पुन्हा तेच औषध आणायचं चाललंय. माझा याला विरोध आहे. शेवाळ वाढतं ते आपण त्याला खायला घालतो म्हणून. हिरवळीवर टाकलेलं डीएपी (फॉस्फरसवालं रासायनिक खत) प्रत्येक पावसात कुंडात उतरतं, मुलं रोज पाव-मुरमुरे टाकतात, वर पूजेची फुलं. १९७३ साली कॅनडात एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले होते. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. लहानपणी आम्ही इथल्या सुरसागर तळ्यात गणपती बोळवायचो ते निर्माल्यासकट. तेव्हा हे कळत नव्हतं, आता कळतंय.

निवृत्त_पाणीवाला
माशांचं वाचून वाईट वाटलं. पण दोष औषधाला देऊ नका, मापाला द्या. तुमचं कुंड १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४,००० लिटर. लिटरला १ मिलिग्रॅम या हिशेबाने मोरचूद ३४ ग्रॅम लागतं. तुमच्याकडे पडलं ५०० ग्रॅम, जवळपास पंधरापट. शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपला. पहाटे तो मुळातच सर्वांत कमी असतो, म्हणून मासे त्या वेळी वर आले. नियम असा की एका वेळी तिसरा हिस्सा किंवा फार तर अर्धं कुंड करायचं, मग १०-१५ दिवस थांबायचं. आधी पाण्याची क्षारता तपासायची, कारण हलक्या, म्हणजे कमी क्षारतेच्या पाण्यात मोरचुदातलं तांबं माशांना फार लवकर लागतं. जलाशयांत मोरचूद शंभरहून जास्त वर्षं वापरात आहे. ज्याला हे माप सांभाळता येत नाही त्याने हात लावू नये, हे मात्र मान्य.

वाडीची_ताई
काका, मोजून टाकलं तरी तांबं जातं कुठे? ते तळाशी गाळात बसतं, दर वर्षी थर वाढतो. आणि नीळ-हिरवं शेवाळ असेल तर पेशी फुटल्यावर आतलं विष पाण्यात सुटतं. त्यापेक्षा मी जवाच्या काडाची जुडी जाळीत बांधून पाण्याच्या वरच्या थरात सोडते. माझ्या गच्चीवरच्या कमळाच्या टाकीत गेले दोन उन्हाळे पाणी स्वच्छ आहे.

निवृत्त_पाणीवाला
ताई, तुमची टाकी लहान आहे आणि कमळाच्या पानांची सावली आहे. निम्मं काम त्या सावलीनेच केलं असेल. काड आधीपासून असलेलं शेवाळ मारत नाही, फक्त नवं वाढू देत नाही. तेही हवा खेळत्या पाण्यात काड कुजायला लागल्यावर. गरम पाण्यात आठवडा-दोन आठवडे, थंड पाण्यात दीड-दोन महिने. काही तळ्यांत उपयोग झालाय, काहींत अजिबात नाही. जास्त काड कोंबलं तर तेच कुजून ऑक्सिजन खातं. कडुनिंबाचा पाला टाकणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

वाडीची_ताई
सावलीचं म्हणणं पटलं. मग यांच्या कुंडातही अर्ध्या पाण्यावर कमळाची पानं पसरू द्या की! पाण्याबाहेर दांडी काढणाऱ्या कर्दळी काठाशी कुंड्यांत लावा, त्याही पाण्यातलं खत ओढतात. ते आधी करा, औषध नंतर बघू.

नवापुरा_७
दांडियाबाजारकर, तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी अपुरं आहे. डीएपी आज बंद केलंत तरी गेल्या कित्येक वर्षांचा फॉस्फरस तळाच्या गाळात आहे. तळाशी ऑक्सिजन संपला की तो पुन्हा पाण्यात येतो. अमेरिकेत सिएटलच्या लेक वॉशिंग्टनचं सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात वळवलं आणि तळं औषधाशिवाय निवळलं, पण ते खोल, मोठं तळं. चार फुटांच्या कुंडात गाळ उपसल्याशिवाय हे जमायचं नाही. किंवा तुरटीने फॉस्फरस बांधा.

निवृत्त_पाणीवाला
तुरटीचं खरं आहे, पण क्षारता कमी असेल तर सामू (पीएच) घसरतो आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम माशांना बाधतं. एवढ्याशा कुंडाला उपसाच बरा. घाई असेल आणि नीळ-हिरवंच शेवाळ असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइड. ते आधी त्यालाच मारतं आणि नंतर विरून पाणी व ऑक्सिजन होतं, तळाशी काही उरत नाही. हॉलंडमध्ये अख्ख्या तळ्यात वापरलंय. मापाशिवाय तेही नको.

दांडियाबाजारकर
गाळाचा विचार मी केला नव्हता, मान्य. रविवारी कमिटीत मांडतो: मोरचूद नाही, दिवाळीनंतर उपसा, हिरवळ आणि कुंड यांच्यात वीतभर उंच बांध, आणि मुलांसाठी पाव टाकू नका अशी पाटी. ती पाटी नातच लिहिणार आहे. निघालेला गाळ मागच्या भाजीच्या वाफ्यात टाकू, उत्तम खत होईल.

निवृत्त_पाणीवाला
तो गाळ भाजीला घालू नका. त्या अर्ध्या किलोतलं सव्वाशे ग्रॅम तांबं त्यातच बसलेलं असणार, ते कुजत नाही की उडून जात नाही. वेगळा ठेवा, आधी माती तपासणीला नमुना द्या.