मदत हवी आहे: आई आणि मावशी दोघींना अल्झायमर, पण त्रास एकसारखा का नाही?

नमस्कार मंडळी, दारव्ह्याकडच्या खेड्यातून लिहितोय. आई आणि तिची मोठी बहीण, दोघींनाही अल्झायमर सांगितलाय. आईचं विसरण्यापासून सुरू झालं, जेवून उठली की विचारते मी जेवली का, पोळ्याला बैलाला तिनंच ओवाळलं अन रात्री म्हणते पोळा कधी आहे. मावशीला मात्र कोणाचं लग्न कोणत्या साली झालं ते अजून पाठ आहे, पण समोरचा गडवा दिसत नाही, हात भलतीकडंच जाते, उंबरठ्यापाशी अडखळते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, काही फरक नाही, शेवटी एमआरआयमध्ये निघालं की डोळे चांगले आहेत, मेंदूचा मागचा भाग सुकत चाललाय. पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी म्हणतात त्याला.

एकाच मायच्या पोटच्या दोघी, आजाराचं नाव एकच, मग असं कावून?

वाचलं ते असं की अमायलॉइड बीटा आणि टाऊ ही मेंदूतली प्रोटीन चुकीची दुमडतात आणि तशीच घडी शेजारच्या प्रोटीनलाही पाडतात. २०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी वारलेल्या पेशंटच्या मेंदूतले अमायलॉइडचे धागे क्रायो-ईएमनं (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पद्धत) पाहिले तर दोन तऱ्हेच्या घड्या दिसल्या, एक जास्त करून उतारवयात आपोआप आजार होणाऱ्यांत, दुसरी घराण्यातून जीनमुळं येणाऱ्यांत. पण टाऊची घडी तर अल्झायमरच्या वेगवेगळ्या पेशंटमध्ये एकच सापडली, आणि लक्षणं टाऊ कुठं साचतो त्यावर जास्त ठरतात. मग आईच्या हिप्पोकॅम्पसकडं, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाकडं, आणि मावशीच्या मागच्या भागात, ही जागा कशानं ठरते? कोणाचा अभ्यास असेल तर सोपं करून सांगा.

लेकानेमॅब हे अमायलॉइड काढणारं औषध सुरुवातीच्या टप्प्यातच देतात आणि एपीओई४ या जीनच्या दोन प्रती असल्या तर मेंदूत सूज, रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, एवढं माहीत आहे. मावशीसारख्या प्रकारात ते कोणाला दिलंय का?

अजून एक, घडी एकाची दुसऱ्याला लागते हे ऐकून वहिनी पोराला आजीच्या ताटात जेवू देत नाही. सोबत जेवल्यानं हा आजार होत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं तरी तिची भीती जात नाही, आणि आई दारात बसून नातवाची वाट पाहते. तिला पटेल असं मराठीत काही असेल तर द्या.

आणि मावशीसारखं कोणाकडं असेल तर घरात काय काय बदललं ते सगळ्यात आधी सांगा, कापसाची वेचणी लागली की आम्ही सगळे दिवसभर वावरात असतो.