एलडीआरचा ऑटो डिपर सतत फडफडतो, हिस्टेरिसिस (लागण्याच्या आणि सुटण्याच्या पातळ्यांतला फरक) किती ठेवू?

सोल्डर_धूर: एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) वर ऑटो डिपर, म्हणजे समोरून उजेड आला की हेडलाइट आपोआप अपरवरून डिपरवर आणणारं सर्किट, जुळवला आहे. वर एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर), खाली ४७ के प्रीसेट (रोध बदलता येणारा), मधला बिंदू पिन २ ला. पिन ३ ला ५ व्होल्टमधून १० के-१० के विभाजक, आउटपुटवरून पिन ३ ला फीडबॅक १ मेगओहम. समोरून अपर आला की डिपर बरोबर लागतो, पण त्याने डिपर दिला की आपला अपर परत! मग तो पुन्हा अपर मारतो, आणि रिले टकटकत बसतो.

जुना_कार्बोरेटर: हे दुखणं १९५२ इतकं जुनं आहे. जनरल मोटर्सने कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये डॅशबोर्डवर ऑट्रॉनिक आय बसवला, आत फोटोमल्टिप्लायर (मंद उजेडही ओळखणारी) नळी. डिपर लागला की तिची संवेदनशीलता वाढायची, म्हणजे समोरच्याचा नुसता डिपरही तिला डिपरवरच धरून ठेवायचा. तुम्हाला नेमकं तेच करायचं आहे.

ओहम_शांती: १ मेगओहमने दोन पातळ्यांत जेमतेम २५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. फीडबॅक सरळ १० के करा, आउटपुट ते ५ व्होल्ट पुल-अप १ के. पातळ्या सुमारे ३.३ आणि १.७ व्होल्ट होतील. एलडीआरचा रोध चौपट वाढल्याशिवाय अपर येणार नाही. प्रकाशात मोजलं तर साधारण सात पट फरक. शिवाय प्रीसेटला समांतर २२ मायक्रोफॅरड टाका. उजेड पडला की एलडीआरचा रोध कमी, कपॅसिटर झटकन भरतो. अंधार झाला की तो ४७ के मधून रिकामा होतो, म्हणजे सेकंदभर उशीर. डिपर चटकन, अपर सावकाश.

रिले_३०: रिले कशाने चालवताय? एलएम३९३ ने थेट नको, आणि गाडीच्या रिलेच्या कॉइलला बीसी५४७ ट्रान्झिस्टर पण पुरत नाही. आयआरएलझेड४४एन मॉस्फेट घ्या, कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपियर, तेव्हा रिले ३० अँपियरचा. डिपर एनसी (कॉइलला वीज नसताना जोडलेल्या) संपर्कावर ठेवा. सर्किट मेलं तरी डिपर राहील.

सोल्डर_धूर: पुढे चाललेल्या गाडीचं काय?

ओहम_शांती: ते जमणार नाही. एलडीआरमधल्या कॅडमियम सल्फाइडला हिरवा उजेड जास्त कळतो, टेल लॅम्पचा लाल फारच कमी. संवेदनशीलता वाढवलीत तर रस्त्यावरचा प्रत्येक दिवा आणि चकाकता फलक डिपर लावेल. कॅमेरा असलेल्या गाड्या रंग आणि हालचाल बघून ठरवतात, इथे तो मेंदूच नाही. कॉइलच्या वायरीत एक स्विच टाका, बंद केला की सक्तीचा डिपर. एलडीआर मात्र आतून काळ्या केलेल्या ५-६ सेंटीमीटर नळीत, आरशामागे, किंचित उजवीकडे.